घरातलं वाक्य

बाई, तुमच्या शोकसभेत तुम्हांला सगळ्यांनी प्रेमळ म्हटलं. एकानं तर मातृहृदयी म्हटलं. मी मांडवाच्या मागच्या रांगेत बसले होते आणि तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होते. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आलाय, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुम्ही समोर असता तर त्या वक्त्याला जागेवरच उभं केलं असतं. मातृहृदयी, छान शब्द आहे, वाक्यात उपयोग कर, आणि वाक्य तुझ्या घरातलं पाहिजे. तो घाम पुसत राहिला असता आणि तुम्ही शांतपणे घड्याळाकडे बघत राहिला असता.

मला कुणी बोलायला सांगितलं नाही. सांगणारही नव्हते, कारण सभा तुमच्या भावाच्या अंगणात होती आणि तुमचा भाऊ माझं तोंड बघायला तयार नव्हता. का, ते तुम्हांला चांगलं माहीत आहे. ती तुमचीच करणी. तेव्हा तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहिते. तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं तिथं सांगून झालंय. निम्मं चुकीचं सांगितलं, पण झालंय.

साताऱ्यात कॉलेजच्या मागच्या गल्लीतलं तुमचं भाड्याचं घर मला अजून डोळे मिटून चालता येईल. रविवारी सकाळी एम.ए.ची आम्ही पाच-सहा पोरं-पोरी तुमच्या सतरंजीवर बसायचो. मी कुपवाडच्या बौद्ध वस्तीतून आलेली, शाळा मराठीतून झालेली, म्हणून समाजशास्त्र मराठीतून सोपं जाईल अशा समजुतीत होते. पुस्तक उघडलं की दर ओळीत एखादा शब्द असा यायचा की तो मराठी आहे याचाच संशय यावा. अधिमान्यता. परात्मता. धुरीणत्व. पहिल्याच रविवारी मी शब्दकोश घेऊन आले. तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतलात आणि कपाटावर टाकलात. इथं हे चालत नाही म्हणालात. परिच्छेद पुन्हा वाच, शब्दाच्या आजूबाजूला काय घडतंय ते बघ. नाही कळलं तर पुढं वाच, तो परत भेटेल. तीन ठिकाणी भेटला की त्याचा स्वभाव कळतो. मग अंदाज सांग, आणि मग त्याचं वाक्य कर.

आणि वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही. घरातलं लागायचं, घर म्हणजे ज्याच्या त्याच्या आईबापाचं. ते मोठ्यानं, सगळ्यांसमोर म्हणायचं. बरोबर आलं तर तुम्ही म्हणायच्या, "समजलं." छान नाही, शाबास नाही, नुसतं समजलं. त्या एका शब्दासाठी आम्ही कुत्र्यासारखे तुमच्या तोंडाकडे बघत बसायचो.

परात्मता माझ्या वाट्याला आली. मी पानं उलटत तिला तीन ठिकाणी गाठली आणि ऐटीत सांगितलं की श्रमिकाला स्वतःच्याच श्रमाचं फळ परकं होतं, ती परात्मता. तुम्ही नाक मुरडलंत. पुस्तकातलं नको म्हणालात. मग तुम्ही थांबलात. तुमचं थांबणं मी आयुष्यात विसरणार नाही. ओरडणारे मास्तर परवडले, ते ओरडून मोकळे तरी होतात. तुम्ही बोटानं सतरंजीचा दोरा सरळ करत बसलात आणि सगळी खोली माझ्या वाक्याची वाट बघत राहिली.

शेवटी मी म्हणाले, "माझी आई कुपवाडला दिवसभर बेदाणे निवडते. आमच्या घरी शिऱ्यात बेदाणा नसतो. संध्याकाळी सुटताना गेटवर तिला पदर झटकून दाखवावा लागतो."

"समजलं," तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या शब्दाकडे वळलात.

पुढचा शब्द होता अभिजन. तो शिरवळच्या एका मुलाला गेला. त्याच्या वडिलांचे हायवेला दोन पंप होते. तो म्हणाला, आमच्या घरी गणपतीला आमदार येतात. तुम्ही त्यालाही समजलं म्हणालात. सगळे हसले, तोही हसला. माझ्या वेळी कुणी हसलं नव्हतं, कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. त्या मुलानं त्या सकाळी काही गमावलं नाही. मी शब्द मिळवला हे खरं, इतका पक्का मिळवला की आजही परात्मता लिहिताना मला आईचा पदर दिसतो. पण त्या बदल्यात मी माझी आई सतरंजीवर मांडून ठेवली होती.

दिवाळीला घरी गेल्यावर मी हे आईला कौतुकानं सांगितलं. ती चकलीचा सोऱ्या फिरवत होती, ती थांबली. सुट्टी संपल्यावर मला सोडायला म्हणून सातार्‍यापर्यंत आली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून थेट तुमच्या दारात उभी राहिली. तुम्हांला आठवत असणारच. तुम्ही तिला खुर्ची दिलीत. ती उभीच राहिली.

"आवं बाई," ती म्हणाली, "आमच्या घरातलं तुमच्या पुस्तकात कशापायी घालताय?"

तुम्ही म्हणालात, "पुस्तकात ते आधीपासूनच आहे. तुमच्या पोरीला दिसत नव्हतं."

"मला दिसत हुतं की," आई म्हणाली. "मी झाकलं हुतं."

तुम्ही चहा आणलात. आईनं तो घेतला नाही. आमच्या वस्तीतल्या बाईनं तुमच्यासारख्या बागायतदाराच्या लेकीच्या हातचा चहा नाकारायचा, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तुम्हीही बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असेल. स्टँडवर परतताना आई एवढंच म्हणाली, "बाई लय हुशार हाय. पर तिच्या घरातलं काय सांगती का कवा?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. पुढच्याच रविवारी धुरीणत्व आलं. तो शब्द आम्हांला कुणालाच धरता येईना. सत्ता म्हणावं तर सत्ता नाही, जबरदस्ती म्हणावं तर जबरदस्ती नाही. बरंच वाचल्यावर उमगलं की दंडुका न उगारता चालते ती ही सत्ता. ज्याच्यावर ती चालते तोच खुशीनं मान हलवतो, आणि मान हलवतोय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. कोण वाक्य करणार, तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, बाई, आज तुमच्या घरातलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, तास संपला. तास संपायला बराच वेळ होता. शिरवळचा मुलगा म्हणाला, लवकर सुटलो ते बरं झालं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते कायमचं. मी फलटणच्या कॉलेजात शिकवायला लागले तरी ते चालूच होतं, फोनवर, लग्नाच्या मांडवात, तुमच्या निरोप समारंभातसुद्धा. माझं म्हणणं एकच होतं. ज्यांची घरं फाटकी त्यांचीच वाक्यं तुमच्या तासाला रंगायची, आणि तुम्ही ती रंगू द्यायच्या. गरिबाच्या घराला खिडकी पाडायची आणि स्वतःच्या दाराला कडी, ही तुमची शिकवण. तुमचं उत्तरही एकच असायचं. हे शब्द वापरून लोक तुझ्या आईवर पुस्तकं लिहितात, तुला ते येत नसतील तर तू जन्मभर त्यांच्या पानातच राहशील, पान लिहिणार नाहीस.

मला तुमचा राग येतो तो याच्यासाठी की हे उत्तर खरं होतं. एक वर्ष मी हट्टानं माझ्या विद्यार्थ्यांना कोश वाटले, अर्थ फळ्यावर लिहून दिले, कुणालाही घरातलं काही विचारलं नाही. त्यांनी अर्थ पाठ केले, पेपरात उतरवले आणि परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडता पडता विसरले. पुढच्या वर्षी मी कोश कपाटावर टाकले. एक मुलगी आपल्या वडिलांवर वाक्य करताना रडली, आणि मी दोरा सरळ करत बसल्यासारखी थांबून राहिले. तुमची पद्धत चालते, बाई. ती क्रूर आहे आणि ती चालते, आणि मला दुसरी येत नाही. मी आज जे काही वाचू शकते, लिहू शकते, ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हांला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पुस्तकातलं नको.

मग तुम्ही आजारी पडलात. सातारचं घर सोडलंत आणि सांगलीजवळ भावाकडे जाऊन राहिलात. सुभेदार म्हणून पलटणीतून निवृत्त झालेला तुमचा दादा, घरचा ऊस बघणारा, मिशा राखणारा. मी भेटायला आले तेव्हा त्यानं मला अंगणातच अडवलं.

"तिला काय सांगायचं न्हाई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "डॉक्टरनी हात टेकलं. पर तिची हिंमत खचंल. तुमी नुसतं पुस्तकाबिस्तकाचं बोला."

मी हो म्हणाले. वाद कशाला घालायचा? आपल्याकडं अशीच रीत आहे, ज्याचं मरण त्याला सोडून सगळ्या गावाला सांगतात. तुमच्या वहिनीनं मला पाणी देताना डोळ्यांनीच पुन्हा बजावलं. मी तोंडाला कुलूप लावून आत आले.

तुम्ही पुढच्या खोलीत कॉटवर होता. केस गेले होते, डोक्याला वहिनीचा जुना स्कार्फ होता. आवाज मात्र तोच. बस म्हणालात, कशी आहेस विचारलं नाहीत. मी एका नव्या पुस्तकाबद्दल बडबडायला लागले. तुम्ही मधेच हात वर केलात.

"एक शब्द आलाय," तुम्ही म्हणालात. "पॅलिएटिव्ह. तीन ठिकाणी भेटला."

तुम्ही सावकाश सांगत गेलात, जणू रविवार सकाळ होती. पहिल्यांदा डॉक्टर दारात उभे राहून दादाला तो म्हणाले, आणि दादानं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. दुसऱ्यांदा नर्स म्हणाली, आणि त्या दिवसापासून तुमचं पथ्य सुटलं, हवं ते खा म्हणाले. तिसऱ्यांदा वहिनी फोनवर कुणाला तरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कित्येक वर्षं न फिरकलेली चुलत बहीण साडी घेऊन हजर झाली. अंदाज मी केलाय, तुम्ही म्हणालात. तू वाक्य कर.

तुम्हांला शब्द माहीत नव्हता असं मी मानत नाही. तुमच्यासारख्या बाईला हा शब्द माहीत नसेल? तुम्हांला तो कुणीतरी तोंडावर म्हणायला हवा होता, आणि त्या घरात ती हिंमत कुणात नव्हती. म्हणून तुम्ही मला निवडलंत. आईला सतरंजीवर मांडायला लावलंत तसं आता तुम्ही स्वतःलाच माझ्याकडून मांडून घेत होता.

मी म्हणाले, "पॅलिएटिव्ह उपचारांत रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर असतो."

"पुस्तकातलं नको."

"या घरात एक बाई आहेत. त्यांच्यावर आता असे उपचार चालू आहेत."

"कोण बाई? नाव घे."

बाहेर सुभेदार कुणाशी तरी उसाच्या तोडीबद्दल बोलत होते. तुम्ही थांबलात. हातात दोरा नव्हता म्हणून तुम्ही चादरीची कड सरळ करत राहिलात. मी जाऊ शकले असते. रडू शकले असते, तुम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नसतं. मी तुमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही आता बऱ्या होणार नाही, बाई. आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं ठरलंय."

"समजलं," तुम्ही म्हणालात.

मला तुमचा इतका संताप आला की मी मरणाऱ्या माणसाशी कुणी बोलू नये तसं बोलले. म्हणाले, आता तुमचं वाक्य. धुरीणत्व. तास संपला म्हणून सुटायचं नाही, तास खरंच संपत आलाय. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं झोपलात. मग तुम्ही बोललात, आणि पहिल्यांदाच माझ्याशी तुमच्या गावच्या बोलीत बोललात.

"दादा म्हणला सही कर, मी जमिनीवरचा हक्क सोडला. दादा म्हणला लग्नाचं बघू नगं, मी बघितलं न्हाई. दादा म्हणला हितं येऊन राहा, मी आले. कुणी हात धरला न्हवता माझा. मी व्हय म्हणत गेले, आणि वर्गात पोरींना धुरीणत्व शिकवत राहिले."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला काय म्हणायचं होतं ते दोघींनाही माहीत होतं. एकच शब्द. मी तो म्हटला नाही. मला आईनं न घेतलेला चहा आठवला, आणि मी पर्स उचलली, येते म्हणाले आणि निघाले. पुढच्या खेपेला म्हणू, असं मनात होतं. थोडं वाट बघायला लावू, तुम्हीही आम्हांला लावायच्याच.

पुढची खेप तुम्हीच होऊ दिली नाहीत. त्याच संध्याकाळी तुम्ही भावाला सांगितलंत की मला सगळं कळलंय, सुजातानं सांगितलं. माझं नाव घेऊन. माझं मीच ओळखलं असं म्हणाला असतात तरी चाललं असतं, खरंही तेच होतं. पण नाही, तुम्ही माझं नाव घेतलंत. दुसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन आला. हे सांगून, आमच्या दारात पाय ठेवू नका एवढंच ते म्हणाले, शिवी दिली नाही. त्यानंतर मी फोन केले ते वहिनींनी उचलले नाहीत. तुम्ही कधी गेलात ते मला जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कळलं, हात जोडलेल्या चित्राखाली.

का केलंत असं? मी फलटणहून सांगलीपर्यंत एसटीत हाच विचार करत आले. शेवटचे हाल मी बघू नयेत म्हणून? की शब्द मी म्हटला नाही त्याची शिक्षा म्हणून? की नुसतं खरं बोलायची खोड, जी दुसऱ्याला भोवते? तुमच्या आजूबाजूला काय घडलं ते पुन्हा पुन्हा तपासलं. अंदाज येत नाही. तुम्ही परत भेटणारही नाही.

सभा संपली, साताऱ्याची मंडळी चहा घेऊन गाड्यांत बसली. अंगणात भाऊबंद राहिले, तुमचे दोन भाचे, वहिनी, आणि टेबलावर हार घातलेला तुमचा फोटो. मी गेटाकडे निघाले होते. सुभेदारांनी मागून हाक मारली. मला वाटलं आता चारचौघांत अपमान करतात. पण ते जवळ येऊन खाली बघत उभे राहिले. मिशा वाढल्या होत्या, डोळे सुजले होते.

"एक इचारायचं हुतं," ते म्हणाले. "ती मला शेवटच्याला एक शब्द म्हणायची. धुरीणत्व. हसायची आन् म्हणायची. शिवी हाय का ती?"

मी त्यांना अर्थ सांगू शकले असते. एका ओळीचं काम होतं. म्हातारा माणूस, बहीण गेलेली. मी विचारलं, कधी म्हणायच्या?

त्यांनी आठवून सांगितलं. डॉक्टर बदलायचा न्हाई असं मी ठरवलं तवा. कुणाला आत सोडायचं न्हाई म्हणलो तवा. तिची पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकू म्हणलो, तवाबी. मग त्या काय करायच्या, मी विचारलं. व्हय म्हणायची की, ते म्हणाले. लय समजूतदार हुती.

आणि बोलता बोलता ते थांबले. शब्दाचा स्वभाव त्यांना कळत होता, मला समोर दिसत होतं. एखाद्या दयाळू बाईनं तिथं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला असता आणि म्हटलं असतं, शिवी नाही हो, प्रेमानं म्हणायच्या. मी तुमची विद्यार्थिनी आहे. मी म्हणाले, आता वाक्य करा, घरातलं. मोठ्यानं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी थांबले. हातात काही नव्हतं म्हणून ओढणीची कड सरळ करत राहिले. भाऊबंदांच्या गप्पा बंद झाल्या. वहिनी दारात आल्या.

सुभेदार फोटोकडे वळले आणि म्हणाले, "मी म्हणलो सही कर, तिनं केली. मी म्हणलो हितं राहा, ती राहिली. तिला काय पायजे ते मी कवा इचारलंच न्हाई, आन् तिनंबी न्हाई म्हणलं न्हाई."

तुमच्या एका भाच्यानं त्यांचा हात धरला, आत चला म्हणाला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले, बरोबर आलं का विचारल्यासारखे.

"समजलं," मी म्हणाले. तुम्हांला म्हणायचं राहून गेलेलं ते, बाई. ऐकायला ते होते.